आमच्यामागे याचं कोण करणार? मुंबईतल्या पालकांसाठी आणि भावंडांसाठी

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातली आमची इमारत पुनर्विकासाला निघाली तेव्हा माझा धाकटा भाऊ चौतीस वर्षांचा होता. बौद्धिक अक्षमता, जोडीला फिट्स. आम्ही दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या घरात गेलो. पहिल्याच आठवड्यात तो तीनदा दूध आणायला म्हणून निघाला आणि पत्रे ठोकलेल्या जुन्या इमारतीच्या गेटशी जाऊन उभा राहिला. वॉचमन ओळखीचा, म्हणून फोन आला. तिसऱ्या वेळी आई खाली बसली आणि म्हणाली, "दोन गल्ल्यांत ही गत. आमच्यामागे काय होणार रे याचं?"

आज तो एकेचाळीसचा आहे आणि आई-बाबा हयात असतानाच चार जणांच्या एका घरात राहतो. शनिवारी आमच्याकडे येतो, रविवारी चहा झाला की स्वतःच बॅग घेऊन दाराशी बसतो. पहिल्यांदा तसा बसला तेव्हा आईला रडू आलं. आता ती डबा भरून देते. मधल्या सात वर्षांत जे कळलं, बरंचसं चुकून कळलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी वकील नाही, डॉक्टर नाही, बहीण आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. आधारासह राहणं म्हणजे आश्रमात ठेवणं नव्हे. माणसाचं स्वतःचं अंथरूण, स्वतःचं कपाट, सकाळी पोहे की पाव हे ठरवण्याचा हक्क, आणि जिथे जमत नाही तिथे, तेवढ्याच मापाने, दुसऱ्याचा हात. कुणाला फक्त "आंघोळ झाली का?" एवढी आठवण पुरते. कुणाला उचलायला दोन माणसं लागतात, नळीने अन्न द्यावं लागतं, रात्री दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. दोघांनाही घर हवं असतं.

पहिली पायरी: एक वही

कागदपत्रांच्या आधी ही. दोनशे पानी साधी वही घ्या आणि तुमच्या माणसाचा दिवस लिहायला बसा. आम्हाला वाटलं होतं तासाभराचं काम आहे. आठ महिने पुरलं. भाऊ ब्रश करताना नळ बंद करत नाही, कारण पाण्याचा आवाज थांबला की तो थांबतो, हे आईला माहीत होतं आणि तिच्याशिवाय जगात कुणालाच नाही. "बोट" म्हणाला की त्याला पोटात दुखतंय. समुद्रातल्या बोटीशी त्याचा काही संबंध नाही. हे शब्द, या खुणा लिहिल्या नाहीत तर त्या आईबरोबर जातात.

वहीत काय हवं ते सांगते. जेवताना कसा बसतो, घास केवढा, पाणी पातळ चालतं की दाट करावं लागतं. सेरेब्रल पाल्सी असेल तर आडवं ठेवून भरवल्याने अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून बसण्याचा कोन फोटो काढून चिकटवा. औषधाचं नाव, ब्रँड, वेळ, कशाबरोबर. फिट कशी येते, किती वेळ टिकते. पाच मिनिटांवर गेली तर १०८ लावायचा, हे मोठ्या अक्षरात. कशाची भीती: आमच्याकडे प्रेशर कुकरची शिट्टी आणि गोविंदाचे लाउडस्पीकर. राग येण्याआधी काय दिसतं. काय केल्याने शांत होतो. आणि, हे लोक हमखास विसरतात, त्याला काय *आवडतं*. आमच्याकडे लोकलचा फर्स्ट क्लासचा डबा मोजणं आणि वसईची केळी.

एक गोष्ट अधोरेखित करून लिहा: वागणं अचानक बदललं, स्वतःला मारून घ्यायला लागला, जेवण सोडलं, तर आधी दुखणं शोधा. दात, कान, बद्धकोष्ठ, ॲसिडिटी. "हट्टी झालाय" म्हणून मनोविकाराची गोळी वाढवण्याआधी दातांच्या डॉक्टरकडे न्या. डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉइड दर वर्षी तपासा आणि चाळिशीपासून विसराळूपणाकडे लक्ष ठेवा, कारण त्यांच्यात अल्झायमर लवकर येतो.

दुसरी पायरी: कागद

सुरुवात दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डापासून, म्हणजे दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्रापासून. अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात. जुनं हाताने लिहिलेलं प्रमाणपत्र असलं तरी यूडीआयडी करून घ्या, पुढचं सगळं त्यावर अडतं. प्रमाणपत्रावर बौद्धिक अक्षमतेबरोबर दुसरीही अक्षमता नोंदली आहे ना, हे खिडकीवरच वाचून बघा. नंतर दुरुस्ती म्हणजे नव्याने रांग.

मग पालकत्व. बहुतेकांना हे बँकेत कळतं: मूल अठरा वर्षांचं झालं की आई-बाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, मग त्याची समज चार वर्षांची असो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. कोर्टात जावं लागत नाही. मुंबईत जिल्हे दोन. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत राहत असाल तर फोर्टचं जुनं जकात घर, त्यापुढे दहिसर-मुलुंडपर्यंत वांद्रे पूर्वेचं कार्यालय. आम्ही पहिला अर्ज चुकीच्या ठिकाणी दिला. तीन आठवडे गेले. तुम्ही देऊ नका.

अर्ज पालक, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था करू शकते. साधारण लागतं ते असं: प्रमाणपत्र, जन्माचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो, होणाऱ्या पालकाची संमती, आणि बाकी भावंडांची हरकत नाही असं पत्र. हे शेवटचं सगळ्यात अवघड. भावाभावांत जागेचा वाद असेल तर तो इथे वर येतो. समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा बसायचं असतं, त्यामुळे अर्ज देऊन गप्प बसू नका, पुढची बैठक कधी ते विचारत राहा.

पालक नेमल्यावर काम संपत नाही. नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. फार जणांना हे माहीतच नसतं. आणि पालक म्हणजे मालक नव्हे. नीट वागला नाही तर समिती त्याला काढू शकते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ तर पुढे जाऊन मर्यादित पालकत्व सांगतो, म्हणजे त्या माणसाच्या मताला धरून, दोघांनी मिळून निर्णय. तुमच्या माणसाला थोडी मदत केली की पासबुक कळतं, सही जमते, तर सगळे अधिकार काढून घेणारं पालकत्व मागायची घाई कशाला?

जाता जाता: मनोरुग्ण आणि मतिमंद हे आपल्याकडे एकाच तोंडाने बोलतात. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ बौद्धिक अक्षमतेला मानसिक आजार मानत नाही. एखाद्या कार्यालयात तुम्हाला त्या कायद्याचा फॉर्म दिला तर परत करा.

तिसरी पायरी: पैसा

निरामय ही राष्ट्रीय न्यासाची, म्हणजे वरच्या १९९९ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या केंद्रीय संस्थेची, आरोग्य विमा योजना, त्याच चार गटांसाठी. वर्षाला एक लाखापर्यंत, आधीची वैद्यकीय तपासणी नाही, थेरपी आणि ओपीडीचा खर्चही बसतो. आधी भरायचं, मग बिलं पाठवायची. दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि ते चुकतं, म्हणून कॅलेंडरवर लिहा. एक लाखात मुंबईतलं मोठं ऑपरेशन होत नाही हे खरं, पण बाकीच्या विमा कंपन्या दारातूनच परत पाठवतात तेव्हा हा कागद हातात असलेला बरा.

वडील किंवा आई सरकारी नोकरीतून निवृत्त असतील तर हा परिच्छेद दोनदा वाचा. केंद्र सरकारच्या, रेल्वेच्याही, नियमांत पोटापुरतं कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला आई-बापांच्या पश्चात आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, आणि त्याचं नाव पालक हयात असतानाच पेन्शनच्या आदेशात नोंदवून घेता येतं. बाबा रेल्वेत होते. एका कार्यालयात आम्हाला सांगितलं, "ते गेल्यावर या." आम्ही नियमाची प्रत छापून नेली तेव्हा काम झालं. खाजगी नोकरी असेल तर भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतही पूर्ण आणि कायमची अक्षमता असलेल्या मुलासाठी तरतूद आहे, ती विचारा. जुन्या करप्रणालीत अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठी ७५,००० रुपयांची, ऐंशी टक्के किंवा अधिक अक्षमतेला १,२५,००० रुपयांची वजावट आहे.

घर. सोसायटीच्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून त्याचं नाव टाकलं की झालं, असं समजून अनेक जण निवांत असतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र करा. सगळं थेट त्याच्या नावावर करण्यापेक्षा भारतीय न्यास अधिनियम, १८८२ खाली खाजगी ट्रस्ट करून त्याचा खर्च त्यातून चालेल अशी सोय बघा. विश्वस्त दोनापेक्षा जास्त, आणि त्यातला एक तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. आमच्या ओळखीत एका काकांनी तिन्ही विश्वस्त आपल्याच वयाचे, ऑफिसातले मित्र नेमले होते. ट्रस्ट आहे. विश्वस्त उरले नाहीत. या कामाला मात्र वकील लागतोच, इथे पैसे वाचवू नका.

चौथी पायरी: कुठे?

खरं सांगायचं तर मुंबईत पर्याय थोडे आहेत आणि प्रतीक्षा मोठी.

पहिला, स्वतःच्याच घरात माणूस ठेवून. याचं गणित कागदावर मांडा. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करेल तर साडेतीन माणसं लागतात. सुट्ट्या, आजारपण धरलं की चार-पाच. चोवीस तास एकाच मावशीकडून काम घेणारी घरं आहेत, ती मावशी सहा महिन्यांत निघून जाते आणि जाताना तिचं काही चुकलेलं नसतं. गणपतीत आणि होळीत तर कामाला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोचा फोनसुद्धा कुणी उचलत नाही, सगळं कोकण गावी गेलेलं असतं. पण घर ओळखीचं, खालचा वाणी ओळखीचा, याची किंमत मोठी आहे. इमारत पुनर्विकासाला जात असेल तर बिल्डरशी बोलणी चालू असतानाच सांगा: बाथरूमचं दार ९०० मिलिमीटर मोकळं, उंबरा नाही, व्हीलचेअर वळायला १५०० मिलिमीटर जागा. नकाशा मंजूर झाल्यावर कुणी ऐकत नाही.

दुसरा, तीन-चार कुटुंबांनी मिळून फ्लॅट घेणं. वरचं गणित इथे सुसह्य होतं, कारण रात्रीचा एक माणूस चौघांना पुरतो, अर्थात कुणाला रात्री सतत उचलावं लागत नसेल तर. भाऊ अशाच घरात आहे, ठाण्याच्या पलीकडे, कारण मुंबईत भाडं परवडेना. दोन सोसायट्यांनी आधी हो म्हणून नंतर "मेंबर लोक घाबरतात" असं सांगितलं. समाजात राहण्याचा हक्क २०१६ च्या कायद्याच्या पाचव्या कलमात आहे, पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रारही करता येते. आम्ही केली नाही. भांडून मिळालेल्या जिन्यावर त्याला रोज चढायचं होतं. तिसऱ्या सोसायटीत आम्ही आधी सेक्रेटरींना आमच्या चौघांबरोबर चहाला बोलावलं.

तिसरा, निवासी संस्था. बदलापूरची 'आधार' पालकांनीच उभी केलेली, डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं 'घरकुल', मुळशीत कोळवणला 'साधना व्हिलेज'. जागा असेलच असं नाही, पण जाऊन बघा, नजर तयार होते. राष्ट्रीय न्यासाच्या 'घरौंदा' योजनेखाली कुठली केंद्रं चालू आहेत तेही विचारा. दिवसाच्या कामाची, कार्यशाळेची सोय हा वेगळा विषय. शिवडीची जय वकील संस्था १९४४ पासून आहे, तिथल्यासारख्या ठिकाणी इतर पालक भेटतात, आणि खऱ्या बातम्या पालकांकडूनच कळतात.

पाचवी पायरी: घर तपासणं

सकाळी अकराला, कळवून गेलात तर रांगोळी दिसेल. रविवारी संध्याकाळी सातला, न कळवता जा. वास घ्या. संडासाचं दार आतून लागतं का बघा. टूथब्रश कुणाचा कुठला हे कळतं का? कपडे प्रत्येकाचे वेगळे आहेत की गठ्ठ्यातून वाटतात? औषधाचा तक्ता मागा, त्यावर आजची सही आहे का बघा. महिन्याभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच दमात केलेल्या दिसल्या तर उठा.

विचारायचे प्रश्न: रात्री जागं कोण असतं? हॉस्पिटलात न्यायचं ठरवतं कोण, सोबत थांबतं कोण? २०१६ च्या कायद्याखालची नोंदणी आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचा, हा विचारायला लोक कचरतात: "कुठल्या कारणाने तुम्ही त्याला परत पाठवाल?" प्रामाणिक संस्था लगेच उत्तर देते. "आम्ही कुणालाच पाठवत नाही" म्हणणाऱ्यांकडून पहिल्या फिटनंतर फोन येतो. आयुष्यभराची एकरकमी ठेव मागत असतील तर परत मिळण्याच्या अटी लेखी घ्या.

मुलगी असेल तर आंघोळ, पाळी, रात्र यासाठी बाई आहे का, हे स्पष्ट विचारा. पाळीच्या त्रासावर उपाय म्हणून गर्भाशय काढा असं सुचवणाऱ्या जागेला नमस्कार करा. १९९४ साली शिरूरच्या शासकीय गृहातल्या मुलींच्या अशा शस्त्रक्रिया पुण्यात झाल्या होत्या, महाराष्ट्रात त्यावरून मोठं वादळ उठलं. आज कायदा साफ आहे: वंध्यत्व आणणारी कुठलीही प्रक्रिया त्या व्यक्तीच्या स्वतःच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. मुलगा असो की मुलगी, अवयवांची खरी नावं आणि "नको" हा शब्द घरीच शिकवा. बोलता येत नसेल तर खूण.

सहावी पायरी: हळूहळू

आधी दुपारचं जेवण. मग एक दिवस. मग एक रात्र, दोन रात्री, आठवडा. आम्हाला पहिल्या मुक्कामापासून कायमचं राहायला जाईपर्यंत चौदा महिने लागले. स्वतःची उशी, स्वतःचा पेला, भिंतीवर आमच्या जुन्या इमारतीचा फोटो. कॅलेंडरवर घरी यायचे दिवस लाल गोल करून. दिवस बदलला तर आधी सांगायचं, न सांगता बदललात तर पुढच्या वेळी तो बॅग भरत नाही.

याआधी एका ठिकाणी आम्ही फसलो होतो. "दोन महिने भेटायला येऊ नका, त्याला सवय होऊ दे," असं तिथे सांगितलं आणि आम्ही ऐकलं. परत बघितला तेव्हा सदरा अंगावर लोंबत होता. फिटच्या गोळीचा ब्रँड कुणी तरी "तेच तर आहे" म्हणून बदलला होता, आणि जवळजवळ थांबलेल्या फिट्स पुन्हा सुरू झाल्या होत्या. भेटायला बंदी घालणारी अट कुठल्याही कारणाने मान्य करू नका. रोज दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, नाही तर निदान आठवड्यातून एकदा कुणी तरी जाणं. ते कुणी म्हणजे तुम्हीच असायला हवं असं नाही. मावसभाऊ, जुनी शिक्षिका, तो वॉचमनसुद्धा. आमच्याकडे सहा जणांची यादी आहे, महिन्यातून एकेकाची पाळी.

सुनेला, जावयाला या सगळ्यात गृहीत धरू नका. आधी विचारा, आणि नाही म्हणाले तर तेही ऐका. मोकळेपणाने नाही म्हणणारा नातेवाईक, तोंडदेखलं हो म्हणणाऱ्यापेक्षा बरा, निदान यादी खरी होते.

वहीच्या तीन प्रती ठेवल्या आहेत आम्ही. एक त्याच्या खोलीत, एक माझ्याकडे, एक वांद्र्याच्या त्या फाइलला जोडून. औषध बदललं की तिन्हींत लाल पेनाने, तारखेसह. मागच्या महिन्यात त्याच्या घरातल्या मावशींनी त्यात स्वतःहून एक ओळ घातली: "पाऊस आला की खिडकीशी खुर्ची ठेवावी." आईला हे माहीत नव्हतं. आमच्या जुन्या घराच्या खिडक्यांना पावसाळ्यात प्लॅस्टिक बांधलेलं असायचं.